प्रकल्प सुरू आहे, तरी बंधाऱ्यात मासे का मरतात?

नमस्कार. तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही शिरोळ तालुक्यात, पंचगंगेच्या खालच्या अंगाला राहता. वर कोल्हापुरात सांडपाणी शुद्धीकरणाचे मोठे प्रकल्प आहेत आणि पाणी शुद्ध करूनच नदीत सोडतो असं सांगितलं जातं. तरीही उन्हाळ्यात बंधाऱ्यातलं पाणी काळपट पडतं, जलपर्णी माजते आणि एखाद्या सकाळी मासे मरून तरंगताना दिसतात. मग हे प्रकल्प नदीचं रक्षण करतात म्हणजे नेमकं काय करतात? आणि तुमच्या नगरपालिकेनं असाच प्रकल्प बांधायचं ठरवलंय, तर तो पैसा सत्कारणी लागेल का?

मी पश्चिम महाराष्ट्रातल्या नगरपालिकांच्या प्रकल्पांवर प्रक्रिया अभियंता म्हणून बरीच वर्षं काम केलं आहे. त्यात कोल्हापूरचे प्रकल्प नव्हते, म्हणून पंचगंगेचं उदाहरण नदीपुरतं घेतो. प्रकल्पाच्या कुंपणाच्या आतलं जे सांगेन ते माझ्या कामातलं आहे.

तुमच्या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न एकात एक अडकलेत. प्रकल्पात आलेलं पाणी नीट शुद्ध होतं का, हा पहिला. शहराचं सगळं सांडपाणी प्रकल्पापर्यंत पोचतं का, हा दुसरा. चर्चा नेहमी पहिल्यावर होते. नदीचं भवितव्य मात्र बहुतेक वेळा दुसऱ्यावर ठरतं, आणि हे मी आकड्यांनी दाखवणार आहे, कारण त्याशिवाय ते पटत नाही.

आधी नदीला नेमकं कशापासून वाचवायचं ते पाहू. सांडपाणी म्हटलं की आपल्याला घाण, वास, रंग दिसतो. माशाच्या दृष्टीनं प्रश्न आहे पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूचा. 30 अंश तापमानाच्या स्वच्छ पाण्यात तो लिटरमागे जेमतेम साडेसात मिलिग्रॅम मावतो. पाणी जितकं गरम, तितका कमी. सांडपाण्यातलं अन्न, साबण, मैला हे सगळं जिवाणूंचं खाद्य. ते खाताना जिवाणू पाण्यातला प्राणवायू वापरतात. एक लिटर सांडपाणी किती प्राणवायू खाऊन टाकेल, त्या मापाला बीओडी म्हणतात. आपल्याकडे ते 27 अंशांवर तीन दिवस ठेवून मोजतात. शहराच्या कच्च्या सांडपाण्याचा बीओडी साधारण 200 मिलिग्रॅमच्या आसपास असतो. अंघोळीयोग्य नदीसाठी तो 3 पेक्षा जास्त नसावा आणि विरघळलेला प्राणवायू किमान 5 असावा, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे.

आता एक लाख वस्तीचं शहर घ्या. माणशी रोज 135 लिटर पाणी आणि त्यातलं 80 टक्के गटारात, हा आपल्या नियोजनातला नेहमीचा हिशेब. म्हणजे सुमारे 11 एमएलडी (एमएलडी म्हणजे दिवसाला दहा लाख लिटर), अर्थात रोज 1 कोटी 10 लाख लिटर सांडपाणी. बीओडी 200 धरला तर हे पाणी रोज 2,200 किलो प्राणवायू मागतं. समोर नदी एका क्युमेकनं, म्हणजे सेकंदाला हजार लिटर किंवा साधारण 35 क्युसेकनं वाहतेय असं समजा. उन्हाळ्यात आपल्या कित्येक नद्यांना एवढंही पाणी नसतं. ती दिवसभरात 8 कोटी 64 लाख लिटर पाणी नेते आणि त्यात काठोकाठ भरलेला प्राणवायू असला तरी तो होतो 650 किलो. मागणी 2,200 किलोची, नदीच्या पदरी 650. वाहत्या पाण्याला हवेतून प्राणवायू मिळत राहतो, म्हणून नदी लगेच मरत नाही. पण शहराखाली काही किलोमीटर तिचा श्वास कोंडतो. 1925 मध्ये स्ट्रीटर आणि फेल्प्स या दोघांनी अमेरिकेतल्या ओहायो नदीवर काम करून हाच उतार गणितात मांडला. सांडपाणी मिसळतं तिथेच प्राणवायू सर्वांत कमी नसतो. तो खाली जाता जाता घटत जातो, एका ठिकाणी तळ गाठतो आणि मग हळूहळू सावरतो. शहरातल्या घाटावर पाणी बरं दिसतं आणि पुढच्या गावांत मासे मरतात, त्यामागचं एक कारण हे आहे.

प्रकल्पाचं मुख्य काम म्हणजे ही प्राणवायूची मागणी नदीत जाण्याआधी, टाकीतच भागवणं. जे नदीत घडणार होतं तेच आपण वीज लावून, काही तासांत, मर्यादित जागेत घडवून आणतो.

पाणी आलं की आधी जाळ्या लागतात: प्लॅस्टिक, चिंध्या, केस, निर्माल्य. मग वाळू खाली बसवण्याचा कक्ष. याच्यावर फार शब्द खर्चत नाही, पण ज्या प्रकल्पात जाळीचा कचरा रोज उचलला जात नाही तिथे पुढचं काही धड चालत नाही, एवढं लक्षात ठेवा. खरं काम वायुवीजनाच्या टाकीत होतं. ब्लोअर हवा दाबतात, तळाच्या डिफ्युझरमधून बारीक बुडबुडे उठतात, आणि त्या पाण्यात जिवाणूंचे तपकिरी पुंजके तरंगत असतात. ते खातात, वाढतात, एकमेकांना चिकटून जड होतात. हवा बंद केली की खाली बसतात आणि वर निवळ पाणी उरतं. ते पाणी काढून घ्यायचं आणि खाली बसलेल्या गाळातला बराचसा भाग विरजणासारखा पुढच्या पाण्यासाठी ठेवायचा. 1914 मध्ये मँचेस्टरला आर्डर्न आणि लॉकेट यांनी हे दाखवलं, आणि आजच्या एसबीआर पद्धतीतही तत्त्व तेच आहे. फक्त भरणं, हवा देणं, बसवणं आणि वरचं पाणी काढणं हे सगळं एकाच टाकीत आळीपाळीनं होतं.

चांगली चाललेली टाकी ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. पाण्याचा रंग चॉकलेटी तपकिरी असतो आणि वास ओल्या मातीचा. एक लिटरच्या मोजपात्रात ते पाणी भरून अर्धा तास स्थिर ठेवलं की गाळ खाली बसून पात्राचा साधारण पंचवीस ते चाळीस टक्के भाग व्यापतो आणि वरचं पाणी नितळ दिसतं. टाकी काळी पडली, कुजका वास आला, तर हवा पुरत नाहीये. पांढरा फेस भरपूर आणि गाळ विरळ असेल, तर जिवाणू कमी पडलेत. प्रकल्पावर गेल्यावर मी कागद मागण्याआधी हे मोजपात्र भरायला सांगतो.

अशा टाकीतून नीट शुद्ध होऊन निघालेल्या पाण्याचा बीओडी 10 च्या आत येऊ शकतो. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या 2017 च्या अधिसूचनेत महानगरांसाठी 20 आणि इतर शहरांसाठी 30 अशी मर्यादा होती. 2019 मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं ती 10 पर्यंत खाली आणायला सांगितली. आपल्या एक लाखाच्या शहराचं सगळं पाणी 10 वर आलं, तर 2,200 किलोची मागणी 110 किलोवर येते. 650 किलो प्राणवायू असलेल्या नदीला हे झेपतं. प्रकल्प नदीचं रक्षण करतो म्हणजे हे करतो, आणि जिथे तो पूर्ण क्षमतेनं आणि सगळ्या पाण्यावर चालतो तिथे नदीत फरक पडतोच. यावर माझा पूर्ण विश्वास आहे.

आता "सगळ्या पाण्यावर" या शब्दांकडे या. समजा 11 एमएलडीपैकी दहावा हिस्सा, 1.1 एमएलडी, प्रकल्पाला न जाता नाल्यातून थेट नदीत गेला. बाकीच्या 9.9 एमएलडीवर उत्तम प्रक्रिया झाली. प्रक्रिया केलेलं पाणी नदीकडे मागतं 99 किलो प्राणवायू. सुटलेला दहावा हिस्सा मागतो 220 किलो. म्हणजे नव्वद टक्के पाण्यापेक्षा ते दहा टक्के दुपटीनं जड. प्रकल्पाच्या अहवालात बीओडी 10 लिहिलेला असतो आणि तो खराही असतो. नदीला मात्र एकूण 319 किलोचं ओझं पोचतं.

जंतूंच्या बाबतीत तर हे आणखी कठोर आहे. कच्च्या सांडपाण्यात दर 100 मिलिलिटरमध्ये विष्ठेतले जिवाणू 10 लाख ते 1 कोटी असतात. क्लोरिन देऊन, अर्धा तास संपर्क ठेवून आपण ते काही शेकड्यांवर आणतो. पण दहा टक्के कच्चं पाणी खाली जाऊन मिसळलं, की एकत्रित प्रवाहात ते पुन्हा लाख ते 10 लाखांच्या घरात जातात. क्लोरिनवर केलेला सगळा खर्च त्या एका नाल्यानं पुसून टाकला. 2012 च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली होती, हे तुमच्या भागात कुणाला सांगायला नको. हिपॅटायटिस ईसारखी कावीळ आपल्याकडे मुख्यतः विष्ठेनं दूषित झालेल्या पाण्यातून पसरते. म्हणून खालच्या अंगाच्या माणसाला "वरच्या प्रकल्पाचा बीओडी किती" यापेक्षा "वरून किती पाणी प्रक्रियेविना सुटतं" हे कळणं जास्त गरजेचं आहे.

कोल्हापुरात जयंती नाल्याचं पाणी अडवून, उपसून कसबा बावड्याच्या 76 एमएलडीच्या प्रकल्पाकडे नेण्याची व्यवस्था आहे. दुधाळीला 17 एमएलडीचा दुसरा प्रकल्प आहे. नाला अडवून पाणी वर उचलणं ही आपल्या जुन्या शहरांत अपरिहार्य गोष्ट आहे, कारण गल्लीबोळांत भुयारी गटार पोचायला कैक वर्षं लागतात. पण या पद्धतीचा कच्चा दुवा उपसा केंद्रात असतो. वीज गेली, पंपात चिंध्या अडकल्या, किंवा वळवाचा एक सडाका आला, की अडवलेलं पाणी बांधावरून उलटून नदीकडे निघतं. शिवाय सांडपाणी दिवसभर सारखं येत नाही. सकाळी सहा ते दहा या वेळात ते सरासरीच्या दुपटीहून जास्त असतं. पंप सरासरीवर बसवलेले असतील तर रोज सकाळी थोडं पाणी सुटणार आणि दुपारी पाहणीला आलेल्या माणसाला सगळं आलबेल दिसणार.

देशाचं चित्रही याहून वेगळं नाही. केंद्रीय मंडळाच्या 2021 च्या आढाव्यानुसार आपल्या शहरांत रोज 72,000 एमएलडीहून जास्त सांडपाणी तयार होतं. प्रकल्पांची बांधलेली क्षमता सुमारे 31,800 एमएलडी, आणि प्रत्यक्ष प्रक्रिया होते ती साधारण 20,000 एमएलडीवर. क्षमता कमी आहे हे खरंच. पण आहे ती क्षमताही भरत नाही, याचं मला जास्त वाईट वाटतं. तेवढी यंत्रं उभी आहेत आणि पाणी त्यांच्या शेजारून नदीत जातंय.

इथवर आलेलं थोडक्यात: नदीला प्राणवायू हवा, प्रकल्प सांडपाण्याची प्राणवायूची मागणी वीसपटीनं कमी करू शकतो, आणि थोडंसं पाणी बाजूनं सुटलं तरी हा फायदा पटकन वाहून जातो.

आता तुमच्या बंधाऱ्यातल्या काळ्या पाण्याकडे. इथे बऱ्याच गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत. पंचगंगेवर राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ अशी कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांची साखळी आहे. पावसाळा संपला की बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातले जातात आणि वाहती नदी सहा-सात महिने डोहांची माळ होते. शेतीला पाणी मिळतं, ते हवंच आहे. पण पाणी थांबलं की हवेतून मिळणारा प्राणवायू घटतो, तरंगणारा गाळ तळाशी बसून कुजायला लागतो, तळाशी प्राणवायू शून्यावर जातो आणि तिथे हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. पाण्याचा काळा रंग आणि सडक्या अंड्याचा वास त्यातून येतो. वर जलपर्णीची चादर पसरली की उरलीसुरली हवाही अडते. मग मेमध्ये किंवा पावसाच्या तोंडावर बरगे निघतात, तळाचं हे पाणी ढवळून एकदम पुढच्या बंधाऱ्यात उतरतं आणि तिथले मासे काही तासांत गुदमरतात. त्या दिवशी वरच्या प्रकल्पात सगळं उत्तम चाललेलं असू शकतं. नदीनं महिनोन्महिने साठवलेलं देणं त्या एका दिवसात वसूल होतं.

जलपर्णीचा प्रश्न वेगळा आहे. ती नायट्रोजन आणि फॉस्फरसवर वाढते, बीओडीवर नाही. जुने प्रकल्प बीओडी 30 वर आणण्यासाठी बांधलेले होते. अमोनिया आणि फॉस्फरस त्यांच्यातून बऱ्याच अंशी तसेच बाहेर पडतात. अमोनिया माशांना विषारी, वर त्याचं नायट्रेटमध्ये रूपांतर होताना एक मिलिग्रॅम नायट्रोजनमागे साडेचार मिलिग्रॅम प्राणवायू जातो. सांडपाण्यात 30 मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन असेल, तर त्याची मागणी 135 मिलिग्रॅमच्या पुढे जाते, आणि तीन दिवसांच्या बीओडी चाचणीत ती फारशी दिसत नाही. म्हणून बीओडी चांगला असलेल्या प्रकल्पाखालीही प्राणवायू पडलेला आढळतो. लवादाच्या 2019 च्या आदेशात एकूण नायट्रोजन 10 आणि फॉस्फरस 1 अशा मर्यादा आल्या, त्या याचसाठी. नव्या एसबीआर प्रकल्पांत हे जमतं, पण त्याला जास्त हवा, जास्त वेळ आणि फॉस्फरससाठी वेळप्रसंगी फेरिक क्लोराइड किंवा तुरटीसारखं रसायन लागतं. शेतातून येणाऱ्या खताचा वाटाही असतोच. उसाच्या पट्ट्यातल्या नदीत सगळी जलपर्णी शहराच्या माथी मारणं बरोबर नाही.

आणि तुमच्या नदीत फक्त घरगुती सांडपाणी येत नाही. गळीत हंगाम आहे, कापड प्रक्रिया उद्योग आहे, ओतशाळा आहेत. कारखान्याचं पाणी थेट नदीत आलं तर प्रकल्पाचा त्याच्याशी संबंध नाही. पण तेच पाणी रात्री टँकरनं गटाराच्या चेंबरमध्ये ओतलं, तर ते प्रकल्पाला मारतं. माझ्या एका प्रकल्पावर सकाळी टाकीचा रंग बदललेला, फेस आलेला, गाळ पाण्यासोबत निघून चाललेला, असं झालं होतं. आम्ही शेजारच्या शहरातून टँकरनं सक्रिय गाळ आणला, सुरुवातीला शेणकाला टाकला, तरी टाकी रुळावर यायला तीन आठवडे गेले. अमोनिया खाणारे जिवाणू तर फार हळू वाढतात. ते सगळ्यात शेवटी परत आले. तेवढे दिवस नदीत अर्धवट शुद्ध झालेलं पाणी गेलं. हे ओतणारा कुणी सापडला नाही. म्हणून मी प्रत्येक नगरपालिकेला सांगतो की चेंबरवर नजर ठेवणं हाही प्रकल्प चालवण्याचाच भाग समजा आणि त्यासाठी माणूस नेमा.

वीज हा रोजचा प्रश्न. पंपिंग सोडून, नुसत्या प्रक्रियेला एका एमएलडीमागे रोज साधारण दीडशे ते अडीचशे युनिट लागतात, आणि त्यातली निम्म्याहून जास्त ब्लोअर खातात. आपल्या 11 एमएलडीच्या प्रकल्पाला रोज दोन हजार युनिटच्या आसपास. वीजबिल थकलं की सगळ्यात आधी ब्लोअरचे तास कमी होतात. बाहेरून काही कळत नाही; पाणी आत येतं, बाहेर जातं, मीटर फिरतो. पण टाकीतला प्राणवायू लिटरमागे दोन मिलिग्रॅमच्या खाली बराच वेळ राहिला की अमोनिया तसाच सुटायला लागतो, आणि काही तास पूर्ण हवा बंद राहिली की टाकी कुजते.

गाळाबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण प्रकल्प खरा चालतो की नाही ते गाळ सांगतो. काढलेल्या दर किलो बीओडीमागे ढोबळमानानं अर्धा ते एक किलो कोरडा गाळ तयार होतो. आपल्या शहरात रोज एक ते दोन टन. सेंट्रिफ्यूजमधून पिळल्यावरही त्यात ऐंशी टक्के पाणी असतं, म्हणजे रोज पाच ते दहा टन ओला गाळ बाहेर पडायलाच हवा. एखाद्या प्रकल्पातून आठवड्यात एकच ट्रॉली गाळ निघत असेल, तर दोनच शक्यता उरतात: पाणी येतच नाहीये, किंवा गाळ शुद्ध पाण्यासोबत नदीत जातोय. अहवालातले आकडे कसेही असोत, ट्रॉलीच्या नोंदी खोट्या लिहिणं कठीण असतं, कारण तो गाळ कुठेतरी दिसावा लागतो. तो गाळ शेतीला देण्याआधी त्यातले जड धातू आणि जंतू तपासले पाहिजेत. गावात कारखान्याचं पाणी गटारात येत असेल, तर मी स्वतः तो शेतात टाकू देत नाही.

तुमच्या नगरपालिकेचं सांगतो. तुमच्या चाळीस हजार वस्तीच्या गावाचा कागदी हिशेब सव्वाचार-साडेचार एमएलडी येतो. पण लहान गावांत भुयारी गटारं नसतात. शौचालयं सेप्टिक टँकवर असतात आणि उघड्या गटारांतून मोरीचं, धुण्याचं पाणी वाहतं. ते सगळं एका ठिकाणी येतही नाही. अशा गावात तीस वर्षांनंतरच्या लोकसंख्येवर मोठा प्रकल्प बांधला, तर पहिली कित्येक वर्षं त्यात तिसरा हिस्साही पाणी येत नाही, ब्लोअर गरजेपेक्षा मोठे ठरतात, वीजबिल परवडत नाही आणि प्रकल्प बंद पडतो. हे मी एकाहून अधिक गावांत पाहिलंय. म्हणून आधी उन्हाळ्यात प्रत्येक नाल्याच्या तोंडाशी व्ही-नॉच (प्रवाह मोजायची त्रिकोणी खाचेची फळी) बसवून सलग चोवीस तास पाणी मोजून घ्या, आणि त्याच वेळी नमुने तपासून घ्या. मग टप्प्याटप्प्यानं वाढवता येईल असा प्रकल्प मागा. जागा मुबलक असेल तर तलाव पद्धतीचा विचार जरूर करा. एका एमएलडीला एक हेक्टर किंवा त्याहून जास्त जमीन लागते, पण वीज जवळपास लागत नाही. जागा नसेल तर एसबीआर त्याच्या दहाव्या हिश्श्यात बसतो, मात्र विजेचा आणि कुशल माणसांचा खर्च कायमचा डोक्यावर घ्यावा लागतो. मी अमुकच पद्धत घ्या असं सांगत नाही. गावाची जमीन, उतार, वीज आणि प्रकल्प चालवणारा माणूस यांवर ते ठरतं.

सेप्टिक टँकचा मैला विसरू नका. उपसणारी गाडी तो कुठे रिकामी करते हे विचारलंत तर बहुतेक ठिकाणी ओढ्याचं नाव पुढे येईल. कृष्णेकाठच्या वाईनं आणि नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नरनं टँक ठरावीक वर्षांनी आळीपाळीनं उपसून तो मैला स्वतंत्र केंद्रात नेण्याची व्यवस्था केली आहे. लहान गावाला नदी वाचवण्याचा हा सगळ्यात स्वस्त पहिला टप्पा आहे, असं माझं मत आहे. आणि प्रक्रिया झालेलं पाणी नदीत सोडायलाच हवं असंही नाही. नागपूरचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला जातं. तुमच्याकडे उद्योग किंवा बिगरखाद्य पिकं ते घेऊ शकतात.

शेवटी तुम्ही स्वतः काय करू शकता. माहिती अधिकारात प्रयोगशाळेचे अहवाल मागितलेत तर बहुतेक चांगलेच आकडे मिळतील, कारण ते प्रकल्पातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचे असतात. त्याऐवजी वर्षभराच्या चार नोंदी मागा: रोज आत आलेलं पाणी, महिन्याची वीज युनिटं, बाहेर गेलेल्या गाळाच्या ट्रॉल्या, आणि उपसा केंद्राचे पंप बंद असल्याचे तास. या चार नोंदी शेजारी ठेवल्या की एकमेकींशी जुळतात की नाही ते कुणालाही दिसतं. पाणी भरपूर पण युनिटं कमी, म्हणजे हवा दिलेली नाही. युनिटं ठीक पण गाळ नाही, म्हणजे गाळ कुठेतरी जातोय. शक्य झालं तर एप्रिल-मेमधल्या एखाद्या सकाळी सात ते नऊ या वेळात नाल्याच्या बांधावर उभे राहा आणि पाणी उलटतंय का ते तारीख-वेळेसह फोटोत घ्या.

मासे मेले तर नमुना त्याच सकाळी, उजाडायच्या सुमाराला घ्या. रात्रभर शेवाळ आणि पाणवनस्पती प्राणवायू वापरत असतात, म्हणून पहाटे तो सर्वांत कमी असतो. दुपारी बारा वाजता घेतलेला नमुना ठीक दिसू शकतो. विरघळलेला प्राणवायू जागेवरच मोजावा लागतो. जवळच्या महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागाशी आधीच बोलून ठेवा, त्यांच्याकडे ती सोय असते. बाकीच्या तपासण्यांसाठी बाटल्या बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. अमोनिया आणि विष्ठेतले जिवाणू खूप जास्त निघाले आणि सीओडी (जिवाणूंऐवजी रसायनानं मोजलेली प्राणवायूची मागणी) बीओडीच्या दुपटीच्या आसपास असला, तर पाणी बहुधा शहराचं आहे. सीओडी बीओडीच्या चार-पाच पट असेल किंवा सामू (पीएच) फार आम्लाकडे वा अल्काकडे झुकलेला असेल, तर कारखान्याकडे पाहा. नमुने घेतानाच महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयाला फोन करा, म्हणजे त्यांचाही नमुना त्याच दिवसाचा असेल. वरच्या बंधाऱ्यांचे बरगे त्या आठवड्यात कधी निघाले याची नोंद पाटबंधारे खात्याकडे असते. ती तारीख मागून तुमच्या नमुन्याच्या वेळेशेजारी लिहून ठेवा.